दोन वाक्यं मागे

रविवारी सकाळी पावणेअकरा वाजता, उपदेश निम्म्यावर आला असताना, दुभाषी बाईचे हात थांबले. बाकी काही घडलं नाही. माइक चालू होता, पंखे फिरत होते, व्यासपीठावर पाळकसाहेब बोलत होते आणि दीडेकशे माणसं ऐकत होती. फरक पडला तो डावीकडच्या पहिल्या दोन बाकांना. तिथे बसलेल्यांना कानांनी ऐकू येत नव्हतं, त्यामुळे त्यांच्यापुरता उपदेश तिथेच बंद पडला. त्यांनी आधी तिच्या हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, मग एकमेकांकडे. एका म्हाताऱ्या शिंप्याने भुवया उंचावून खुणेने विचारलं, ‘संपलं?’ त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं. दुभाषी बाई, जिला त्या बाकांवरचे सगळे लहानथोर ताई म्हणत, हात पोटाशी धरून उभी राहिली.

दुभाष्याचे हात कानाच्या दोन वाक्यं मागे चालतात. वाक्य पुरतं ऐकून त्याचा रोख कळल्याशिवाय ते हातांनी सांगता येत नाही, आणि सांगत असताना पुढचं वाक्य कानात येऊन बसलेलं असतं. त्या सकाळी पाळकसाहेब म्हणाले होते, “आपल्यातल्याच एका बहिणीची साक्ष सांगतो. अनेक वर्षं ती रोज गोळ्या घेत होती, पण विश्वासाचा एक दरवाजा उघडायचा तर पळून जायचा दुसरा दरवाजा लावून घ्यावा लागतो, हे तिने इथे ऐकलं, आणि घरी जाऊन तिने गोळ्यांची डबी बंद करून टाकली. आज ती इथे आपल्यात बसली आहे.” कानाने एवढं घेतलं होतं. हात मात्र अजून ‘आपल्यातल्याच एका बहिणीची’ इथवरच पोहोचले होते. बहीण ही खूण करताना तिची नजर सवयीने पहिल्या बाकाच्या टोकाला गेली, कारण तिथे तिची सख्खी धाकटी बहीण बसते. धाकटी खाली मान घालून गालातल्या गालात हसत होती. शाळेत बाईंनी तिची चित्रकलेची वही सगळ्या वर्गाला दाखवली की ती अशीच हसायची. हातांनी अजून काही सांगितलंच नव्हतं, आणि धाकटीला पुढचं माहीत होतं.

शेवटचं गीत होईपर्यंत ती तशीच उभी होती. अंगात काही फुटलं, तुटलं असं झालं नाही. झालं ते एवढंच, की इतकी वर्षं जे कानातून शिरून हातांतून बाहेर जात होतं, ते त्या दिवशी बाहेर गेलं नाही. ते पोटात राहिलं आणि जड लागू लागलं. मागच्या काही रविवारांपासून उपासना संपल्यावर तिची मनगटं ठणकत. तिला वाटे, वय झालं. घशाशी काहीतरी येई, तिला वाटे पित्त. आता उभ्याउभ्या तिला एकेक रविवार आठवू लागला. पाळकसाहेबांनी आज्ञापालनावर एक मालिकाच चालवली होती. आई हाक मारते तेव्हा गुणी मूल ‘का?’ विचारत नाही, आधी उठतं. समजून घेऊन मग मानणं हा विश्वास नव्हे, तो व्यवहार झाला. ही वाक्यं तिने हातांनी सांगितली होती, आणि चांगली सांगितली होती. आई, हाक, मूल, उठणं: त्या मुलाचं उठणं तर तिने इतकं झकास केलं होतं, की दुसऱ्या बाकावरची एक बाई डोळे पुसत होती.

लहानपणी ती अशी काटेकोर नव्हती. धाकटीला ऐकू येत नाही हे घरात कळलं तेव्हा ही नऊ वर्षांची होती, आणि तिथून पुढे घरातलं सगळं बोलणं हिच्या बोटांतून जाऊ लागलं. धाकटीच्या नावासाठी हिने दोन बोटांची चोच करून ओठांशी धरली, म्हणून ती चिमणी झाली. घरच्यांनाही मग तेच नाव सोयीचं वाटलं. जेवताना बाबा म्हणायचे, “या पोरीचं पुढे काय होणार कुणास ठाऊक.” चिमणी डोळे मोठे करून हिच्याकडे बघायची. ही सांगायची, ‘बाबा म्हणताहेत, भाजी संपव.’ एकदा शेजारणीने तोंडावर काहीतरी वाईट म्हटलं, ते हिने ‘तुझा फ्रॉक छान आहे’ असं करून सांगितलं, आणि चिमणी पुढे कितीतरी दिवस त्या बाईला बघून हात हलवायची. बाईही बिचारी ओशाळून हात हलवायला लागली. असं पदरचं घालणं, नको ते गाळणं पुढे प्रशिक्षणात मोडून काढण्यात आलं. शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. “तुम्ही काच आहात,” त्या म्हणायच्या. “काचेला मत नसतं.” कोर्टातल्या पहिल्याच कामात आरोपीने खुणेने जे सांगितलं ते तिने मोठ्याने म्हटलं, “मी सायकल चोरली.” नियमच तसा, समोरचा ‘मी’ म्हणाला तर आपणही ‘मी’च म्हणायचं. कारकून हसला. तिला मात्र घरी जाईपर्यंत खरोखरच सायकल चोरल्यासारखं वाटत होतं.

आणि चौदाव्या वर्षी स्वयंपाकघरात चिमणी धाडकन पडली होती. दात घट्ट मिटलेले, टाचा फरशीवर आपटताहेत, आई ओरडतेय आणि जिच्यासाठी ओरडतेय तिला ते ऐकू येत नाही. तेव्हापासून त्या गोळ्या, सकाळची एक आणि संध्याकाळची एक. पुढे झटके थांबले. थांबले ते गोळ्यांमुळे, हे घरात कुणी वेगळं बोलून दाखवलं नाही, कारण पावसात छत्रीमुळे भिजलो नाही हे कुणी बोलून दाखवत नाही.

बाहेर पायऱ्यांपाशी चिमणीनेच तिला गाठलं. खुणांच्या भाषेत कुजबुज करता येत नाही, म्हणून दोघी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

‘मध्येच का थांबलीस? चक्कर आली? की विसरलीस?’ चिमणीने विचारलं. ‘शिंपीकाकांना वाटलं, आज लवकर सुट्टी.’

‘गोळ्या कधीपासून बंद आहेत?’

चिमणीचं हसू जरा मावळलं. ‘गेल्याच्या गेल्या रविवारपासून. तू सांगितलंस ना.’

‘मी कधी सांगितलं?’

‘दुसरा दरवाजा लावून घ्या. मी तुम्हाला सांगतो. तू असं छातीला बोट लावून म्हणालीस, मी.’

‘तो मी म्हणजे पाळकसाहेब! तुला माहीत नाही का? इतकी वर्षं बघतेस.’

‘माहीत आहे,’ चिमणी म्हणाली. ‘पण हात तुझेच होते.’

ताईने चिमणीचं मनगट धरलं. खुणांनी बोलणाऱ्या माणसाचं मनगट धरणं म्हणजे त्याच्या तोंडावर हात ठेवणं, हे तिच्या लगेच लक्षात आलं आणि तिने ते सोडलं. ‘इथेच थांब,’ ती म्हणाली. ‘घरी जाऊ नकोस. रस्ता ओलांडू नकोस. बसून राहा.’ चिमणीने डोळे फिरवले. तिला अडतीसावं चालू होतं.

पाळकसाहेब मागच्या खोलीत कपबशा विसळत होते. ते त्यांचं नेहमीचंच. बाबा गेले त्या दुपारी ते घरी आले होते, दोन शब्द प्रार्थनेचे बोलले आणि मग स्वयंपाकघरात शिरून साचलेले सगळे पेले धुऊन पालथे घालून गेले. हा माणूस वाईट असता तर काम सोपं होतं, असं दारात उभ्या असलेल्या ताईला वाटलं. चांगल्या माणसाने सांगितलं की माणूस आधी ते करतो, आणि त्याच्याशी वाद घालायचा म्हणजे त्या धुतलेल्या पेल्यांशी वाद घालायचा.

“या ताई,” ते मागे न बघता म्हणाले. “आज काय, आमचा उपदेश इतका लांबला, की हातांनी संप केला?”

“ती साक्ष माझ्या बहिणीची होती.”

“हो ना! मला आमच्या पाळकीणबाईंनी सांगितलं. तिने फोनवर लिहून दाखवलं म्हणे. मला वाटलं, तुम्हाला आनंद होईल.”

“त्या फिटच्या गोळ्या होत्या, साहेब.”

नळ चालू होता. त्यांनी तो बंद केला, पण हातातली बशी तशीच राहिली. “मला वाटलं, झोपेच्या असतील,” ते म्हणाले. मग जरा आवाज चढवून, “पण औषध बंद करा असं मी कधीच म्हटलेलं नाही. एकदाही नाही. तुम्ही साक्षी आहात.”

“नाही म्हणालात. दुसरा दरवाजा लावून घ्या, असं म्हणालात. का विचारू नका, असं म्हणालात. मी ते जसंच्या तसं सांगितलं.”

“म्हणजे चूक माझी?”

“ते मला माहीत नाही. पण मला ते पटलेलं नव्हतं आणि मी सांगत राहिले. आता ते मला सांगता येणार नाही. माझा विश्वास गेलेला नाही, साहेब. पण का ते न विचारता उठ म्हणणारी आई मला दिसत नाही. आमची आई तर हाक मारायची तेव्हा कशासाठी तेही ओरडून सांगायची.”

बोलून झाल्यावर ती वाट बघत राहिली. कशाची, ते तिलाही सांगता आलं नसतं. कुणीतरी दार उघडून तिला बाहेर जायला सांगेल, किंवा आतून काहीतरी कोसळेल, असं काहीसं. पाळकसाहेबांनी बशी पुसली आणि फळीवर ठेवली. खिडकीबाहेर कुणीतरी मोटार मागे घेत होतं, कुणीतरी ‘आणखी, आणखी’ म्हणत होतं. खोली होती तशीच होती.

“तुम्ही रागावला आहात,” ते म्हणाले.

“हो,” ती म्हणाली, आणि तो एक शब्द बाहेर पडताच घशातलं जे ती पित्त समजत होती ते खाली उतरलं. तिला एकदम भूक लागल्यासारखं वाटलं.

“मग यात अवघड काय आहे? बोलवा तिला आत. मी सांगतो, आजपासून गोळी घे. माझं तिला मानायचंच आहे ना? मानू दे.”

क्षणभर ताईला सुटल्यासारखं वाटलं. हात आपोआप वर आले, छातीपाशी, कामाला तयार. मग तिला पुढचा कुठला तरी रविवार दिसला. आज गोळी घे म्हणतील आणि चिमणी घेईल, उद्या आणखी काही म्हणतील आणि चिमणी तेही करेल, आणि प्रत्येक वेळी छातीला लागलेलं बोट ताईचं असेल. ती म्हणाली, “तुम्ही बोला तिच्याशी. पण मी मध्ये उभी राहणार नाही.”

“मग मी बोलणार कसा?”

“तिच्याकडे फोन आहे, तुमच्याकडे आहे. तिला लिहितावाचता येतं. गोळी आज तिच्या पोटात जाईलच, ते माझं मी बघेन, भांडून बघेन. पण तुम्ही काय ते तिचं तिला सांगा.”

त्या खोलीच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात काच आहे. ताई बाहेरच्या बाजूला उभी होती आणि बघायचं नाही असं ठरवून बघत होती. दोघं टेबलाच्या एकाच बाजूला बसले होते. पाळकसाहेब फोनवर दोन बोटांनी लिहीत, चष्मा नाकावर सरकवत, तो चिमणीपुढे धरत. चिमणी भराभर लिही. एकदा त्यांनी हातांनी काहीतरी करून दाखवलं आणि चिमणी टेबलावर डोकं टेकून हसली. त्यांनी नक्की काय म्हटलं ते ताईला काचेतून दिसलं नाही, आणि चिमणीने पुढे कधी सांगितलं नाही. मग बराच वेळ ते लिहीत होते, पुसत होते, परत लिहीत होते. चिमणी त्यांच्याकडे बघत शांत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर आज्ञा ऐकणाऱ्या माणसाचा भाव नव्हता. दुकानात उरलेल्या सुट्ट्या पैशांची वाट बघत उभं राहावं, तशी ती बसली होती.

‘काय म्हणाले?’ चालताना ताईने विचारलं.

‘तुला सगळं कळायलाच हवं का?’ चिमणी म्हणाली. चार पावलं गेल्यावर तिने स्वतःच सांगितलं. ‘मी विचारलं, देवाने तुम्हाला सांगितलं का, की हिच्या गोळ्या बंद कर? ते म्हणाले, नाही. मी विचारलं, मग तुमच्या मनात दरवाजा म्हणजे काय होतं? तर ते लिहितायत, लिहितायत. शेवटी दिसलं काय? “माहीत नाही.” एवढंच. आणि खाली, “माझी घाई झाली.”’ तिने पाळकसाहेबांसारखा चष्मा सरकवून दाखवला. ‘मला बरं वाटलं.’

‘बरं काय वाटलं त्यात?’

‘त्यांना पण माहीत नाही, म्हणून.’

मग तिने उजवा हात पुढे धरला, बोटं पसरून. बोटं स्थिर होती. ‘बघ,’ ती म्हणाली. ‘गोळ्या चालू होत्या तेव्हा हा असा हलायचा.’ तिने तो थरथरवून दाखवला. चिमणी दंतवैद्यांना कृत्रिम दात करून देणाऱ्या एका कारखान्यात काम करते. प्रत्येक दातावर शेवटी ब्रशने एक बारीक छटा द्यायची असते, कारण खरा दात कधी एकरंगी नसतो, आणि ते काम गेलं वर्षभर तिच्या हातून बिघडत होतं. मालकाने दोनदा दात परत केले होते. ती प्रार्थना करत होती, आणि त्यातच हाताने सांगितलेला तो दरवाजा आला.

‘मला का नाही सांगितलंस? डॉक्टरला का नाही सांगितलंस?’

‘डॉक्टरला सांगायचं म्हणजे तुलाच सांगायचं. आणि तुला सांगितलं की तुझं तोंड असं होतं.’ चिमणीने भुवया कपाळात नेल्या, ओठ आत ओढले आणि गाल पाडले. ते इतकं हुबेहूब होतं, की ताईला भर रस्त्यात हसू फुटलं, आणि हसतानाच डोळ्यांतून पाणी आलं, आणि समोरून येणारा एक गृहस्थ उगाचच बाजूला सरकला.

संध्याकाळी चिमणीने गोळी घेतली. भांडावं लागलं नाही. घेतल्यावर तिने जीभ बाहेर काढून दाखवली, आईला दाखवायची तशी, आणि मग म्हणाली, ‘डॉक्टरकडे मी जाणार. दुसरा दुभाषी घेऊन.’

दुसरा दुभाषी मंगळवारी मिळाला. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. खुणाही कवायतीसारख्या करत, प्रत्येक वाक्यानंतर जणू विश्राम. ताईला ते कधीच फारसे आवडले नव्हते. रुग्णालयात ते आणि चिमणी डॉक्टरांच्या खोलीत गेले, दार लागलं, आणि ताई बाहेरच्या बाकावर बसली. त्या दाराला काच नव्हती. आत बहिणीच्या डोक्याबद्दल, हाताबद्दल, गोळ्यांबद्दल बोलणं चाललं होतं आणि त्यातला एकही शब्द तिच्यातून जात नव्हता. असं पूर्वी कधी झालं होतं का, ते ती आठवू लागली. चिमणीच्या नोकरीची मुलाखत, बँकेतलं खातं, बाबांचं शेवटचं बोलणं. बाबा शेवटी पुटपुटले होते ते नीट कळलंही नव्हतं, आणि तिने बाहेर येऊन चिमणीला सांगितलं होतं, ‘तुझी आठवण काढत होते.’ ते पदरचं होतं की नाही, हे तिला आजवर ठरवता आलेलं नाही. एक परिचारिका जाताजाता थांबली. “तुम्ही आत नाही गेलात?” “मी बहीण आहे,” ताई म्हणाली. “अहो, मग जा ना आत!” “नको,” ती म्हणाली. “तिचं ती बोलतेय.” परिचारिकेने खांदे उडवले. भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचा तक्ता होता, तो ताईने वरपासून खालपर्यंत वाचला. मग मांडीवर पडलेले आपले हात तिने पाहिले. ते उताणे पडले होते, बोटं किंचित वळलेली, कुणाचीच वाट बघत नसलेली. मनगटं ठणकत नव्हती. काच, मत, दरवाजा, आई हाक मारते, मूल उठतं, सगळं थोडं लांब गेलं, आणि बसल्याबसल्या तिचा डोळा लागला. रुग्णालयाच्या बाकावर, दिवसाउजेडी, तोंड उघडं टाकून ती झोपली. चिमणीने खांद्याला हलवून तिला उठवलं.

‘बदलून देणार आहेत,’ चिमणी म्हणाली. ‘एकदम नाही, हळूहळू. तोवर जुनी चालू. बाकीचं माझं आहे.’ कवायतीचे सर मागे ताठ उभे होते. ताईने त्यांचे आभार मानले, जरा जास्तच मानले.

मधल्या दिवसांत तिने पाळकसाहेबांना एकच निरोप पाठवला होता: रविवारी मी येईन, पण मला कळलं नाही किंवा पटलं नाही तर हात वर करून विचारीन, उपदेशाच्या मध्येच. त्यावर त्यांनी विचारलं, “मध्येच?” तिने लिहिलं, “हो.” पुढे दोन दिवस काही आलं नाही. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांशी त्यांचं बोलणं झालं असं कानावर आलं, पण काय झालं ते कुणी सांगितलं नाही. रविवारी येणार का, असं चिमणीला विचारलं तर ती म्हणाली, ‘मी बसणार आहे माझ्या जागेवर. मलापण विचारायचंय.’

पाळकसाहेब उपदेश कधी लिहून काढत नाहीत, तोंडीच बोलतात. शनिवारी दुपारी मात्र त्यांच्याकडून ताईच्या फोनवर पानभर मजकूर आला. सुरुवातीला एक स्तोत्र, मग नेहमीचं स्वागत, मग, “गेल्या रविवारी मी एका बहिणीची साक्ष सांगितली होती. त्याबद्दल मला आज सगळ्यांसमोर बोलायचं आहे.” त्यानंतर थोडी जागा मोकळी सोडलेली होती आणि कंसात लिहिलं होतं, “हे अजून लिहायचं आहे.” खाली पुढचं गीत दिलेलं होतं. ताईने मजकूर चिमणीला पाठवला. संध्याकाळी पाचपर्यंत तरी त्या मोकळ्या जागेत काही भरून आलेलं नव्हतं.